मोटारीचा शृंगार

दसऱ्याच्या सकाळीं मोटार धुवावी, तिच्या तोंडाशीं झेंडूची माळ व आंब्याचा डहाळा बांधावा, पुढच्या झांकणावर हळदकुंकवाचें स्वस्तिक काढावें, नारळ वाढवावा, आणि चाकाखालीं लिंबें ठेवून तीं चिरडीत गाडी चार हात पुढें न्यावी, हा विधि आपल्या सुशिक्षित घरांतूनहि आतां पुरता रूढ झाला आहे. ज्या घरीं शस्त्र म्हणून विळी आणि लेखणी यांपलीकडे कांहीं नाहीं, त्या घरच्या शस्त्रपूजेला मोटारीनें मोठाच आधार दिला. येथवर सारें यथासांग चालतें. परंतु दुसऱ्या दिवशीं काय होतें तेंहि पाहावें. हळदीचा डाग रंगावर कायमचा राहील या धास्तीनें घरांतील कोणी तरी कर्ता पुरुष एकादशीच्या सकाळीं ओलें फडकें घेऊन बाहेर येतो, आणि आदल्या दिवशीं सुनेनें मन लावून काढलेलें तें स्वस्तिक पुसून टाकतो. त्यानंतर वर्षभर ती मोटार पांढरी अथवा करडी, शेजाऱ्याच्या मोटारीची जुळी बहीण शोभेल अशी, दारापुढें उभी असते. लग्नकार्यांत कार्यालयाबाहेर पन्नास गाड्या उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांतील आपली कोणती हें नंबर वाचल्यावांचून सांगतां येत नाहीं.

ज्या घरांत पाटाभोंवतीं रांगोळी, दाराला तोरण, उंबऱ्याला हळदकुंकू, पोळपाटाच्या कडेलाहि नक्षी, त्या घरांतील सर्वांत महाग वस्तु तेवढी अशी कोरी कां राहावी? कोणी म्हणेल, साधेपणांतच सौंदर्य आहे. असेल, परंतु याचें खरें कारण आमच्या मतें सौंदर्यदृष्टि हें नसून हिशेब हें आहे. मोटार घेतांनाच ती पुढें विकावयाची आहे हें आपण मनाशीं धरून चालतों. तिच्या रंगावर ओरखडा नको, कारण गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवील; तिच्यावर चित्र नको, कारण तें गिऱ्हाइकाला आवडणार नाहीं. म्हणजे ज्याला आपण ओळखत नाहीं, जो सात वर्षांनीं येईल अथवा येणारहि नाहीं, अशा कोणा गिऱ्हाइकाच्या आवडीनें आपण आपली गाडी आज ठेवतों. आजीनें मात्र आपल्या पितळी पातेल्यावर घराण्याचें नांव आणि साल ठोकून घेतलें होतें. त्यानें पातेल्याची मोड कमी येईल कीं काय, हा विचार तिच्या मनालाहि शिवला नाहीं. कारण तें पातेलें मोडींत घालावयाचें नव्हतें, नातीला द्यावयाचें होतें.

वस्तूवर अशी खूण करणें म्हणजे ‘ही आमची आहे’ असें चारचौघांत सांगणें होय. आपल्या शेतकऱ्यानें तें पोळ्याला सांगितलें. श्रावणी अमावास्येला तो बैलाचीं शिंगें रंगवितो, त्यांवर बेगड लावतो, पाठीवर झूल घालतो, गळ्यांत घुंगुरमाळ बांधतो, आणि त्याच्याकडून त्या दिवशीं काम घेत नाहीं. पुढें गरज पडली तर तो बैल बाजारांत न्यावा लागतोहि. परंतु पुढें विकावा लागेल म्हणून आज त्याचीं शिंगें रंगवावयाचीं नाहींत, असा व्यवहार त्यानें कधीं केला नाहीं. बैल गेले आणि यंत्रें आलीं, तेव्हां हीच रीत कांहीं लोकांनीं यंत्रालाहि लावली. वाहनें रंगविण्याची जी लोककला आज जगांत अनेक ठिकाणीं दिसते, तिचें मर्म आम्हांस येथें सांपडतें. आणि म्हणून या वेळीं तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आपल्याकडे या कलेचे पहिले मानकरी अर्थातच मालमोटारवाले. त्यांच्या गाड्या चित्रांनीं भरल्या त्याला कारागिरीच्या व्यवहाराचेंहि एक कारण आहे. मालमोटारींचे कारखाने पुष्कळ काळ गाडीचा केवळ सांगाडा विकीत असत: खालची लोखंडी चौकट, इंजिन, चाकें, आणि फार तर पुढची दर्शनी बाजू. त्यावर लांकडाची व पत्र्याची केबिन चढविणें, मागचा हौदा व फाळके बांधणें, हें काम गांवोगांवच्या सुतार-लोहारांकडे जाई. तामिळनाडूंतील नामक्कल व पंजाबांतील सरहिंद हीं गांवें या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहेत, आणि आजहि कित्येक गाड्या अशाच रीतीनें बांधल्या जातात. सुताराचें काम संपलें कीं रंगारी येई, आणि रंगाऱ्याच्या मागोमाग चित्रें काढणारा पेंटर. कारखान्यानें जेथें काम अपुरें सोडलें, तेथून लोककला आंत आली. पूर्ण सजून दारांत येणाऱ्या आपल्या मोटारीला हें भाग्य लाभलें नाहीं.

या पेंटरचीं साधनें अगदीं साधीं. एनॅमल रंगाचे डबे, लहानमोठे कुंचले, रेषा आंखण्यास खडू, आणि वारंवार लागणाऱ्या आकृतींसाठीं कापून ठेवलेले साचे. चित्रेंहि बहुधा ठरलेलीं: कमळ, मोर, गाय आणि तिला लुचणारें वासरूं, झेप घेणारा वाघ, पंख पसरलेला गरुड, बर्फाचे डोंगर आणि त्यांतून येणारी निळी नदी. गाडीच्या कपाळावर मालकाचें दैवत. आपल्या बाजूची गाडी असली तर तुळजाभवानी, जोतिबा किंवा खंडोबा. मागें मोठ्या अक्षरांत, दृष्ट लावणाऱ्याचें तोंड काळें होवो अशा अर्थाची हिंदी ओळ. खालीं लोंबणारी काळी वेणी किंवा जुना जोडा. आणि एका बाजूस मुलांचीं नांवें. हें सारें आपल्या डोळ्यांना भडक वाटतें. परंतु दिवाणखान्यांत टांगावयाचें चित्र आणि धुळींतून धांवणारें चित्र यांना एकच माप लावतां येत नाहीं. मागून येणाऱ्याला तें दुरून, तिन्हीसांजेला, हलत्या गाडीवर ओळखतां आलें पाहिजे. म्हणून तेथें लाल तो लालच, पिवळा तो पिवळाच, आणि प्रत्येक अक्षराला पाठीमागें जाड सावली. कित्येक वर्षांच्या अनुभवानें ठरलेलें हें शास्त्र आहे. तें कोणत्याहि कलाशाळेंत शिकविलें जात नाहीं, उस्तादाकडून शागीर्दाकडे जातें.

या गाड्यांवरचे सर्वांत प्रसिद्ध शब्द म्हणजे ‘हॉर्न ओके प्लीज’. २०१५ सालीं महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानें ते लिहिण्यास बंदी केली. या शब्दांमुळें चालकांना विनाकारण भोंगा वाजविण्यास उत्तेजन मिळतें, असें कारण त्या वेळीं देण्यांत आलें. आणि रस्त्याशेजारीं राहणारा कोणीहि मनुष्य त्या कारणाला नांवें ठेवणार नाहीं. मौज एवढीच, कीं सूचनेच्या शब्दांवर हुकूम चालतो. त्यांच्या दोहों बाजूंस काढलेल्या कमळांवर तो चालत नाहीं, कारण कमळें कोणाला कांहीं करावयास सांगत नाहींत. तीं केवळ असतात.

तीं कां असतात, हें समजण्यासाठीं मालमोटार चालविणाऱ्याचा संसार पाहिला पाहिजे. महिन्यांतले बहुतेक दिवस तो घराबाहेर असतो. केबिन हीच त्याची ओसरी, तेंच माजघर आणि तेंच देवघर. समोर देवाची तसबीर, तिला कागदी किंवा प्लास्टिकची माळ, सकाळीं उदबत्ती. खिडक्यांना झालरीचे पडदे, आरशाला गोंडे. घरांत बाई उंबऱ्यावर जें करते, तेंच हा पुरुष केबिनीच्या पायरीवर करतो. आपल्या देशांत एकदोन गाड्या बाळगणारे छोटे मालक पुष्कळ आहेत. कर्जानें घेतलेली गाडी हप्ते फेडून जेव्हां खरोखर आपली होते, तेव्हां तिच्यावर मुलांचीं नांवें घालणें हें फेडलेल्या कर्जाचें उद्यापनच होय. मालमोटारहि शेवटीं विकली जाते, हें खरें. परंतु ती घेणारा इंजिन आणि कागदपत्र पाहतो, मोर पाहून किंमत पाडीत नाहीं. त्यामुळें त्या मालकाला गिऱ्हाइकाच्या आवडीचें ओझें नाहीं. आपल्याला तें आहे, आणि आपण तें आपण होऊन डोक्यावर घेतलें आहे.

नियम कितीहि कडक असले तरी ही प्रवृत्ति आपली वाट काढते, याचें उदाहरण मुंबईच्या जुन्या टॅक्सीनें घालून दिलें. काळें अंग आणि पिवळें छप्पर हें नियमानें ठरलेलें. तेथें चालकाला कुंचला टेकण्यास जागा नव्हती. तेव्हां कला आंत शिरली. ‘प्रीमियर पद्मिनी’ गाडीच्या छताला आंतून वेलबुट्टीचें, कधीं चंदेरी, कधीं वाघाच्या पट्ट्यांचें कापड ताणलेलें असे; समोरच्या फळीवर गणपती, साईबाबा किंवा मक्केचें चित्र, आणि त्याभोंवतीं लुकलुकणारे दिवे. बाहेरून शेंकडों गाड्या एकसारख्या. आंत शिरल्यावर मात्र प्रत्येकीचें घर निराळें. या जातीची शेवटची टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली होती, आणि मुंबईंत टॅक्सीला २० वर्षांची मुदत असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून कायमची गेली. २०१५ च्या सुमारास कांहीं तरुण चित्रकारांनीं टॅक्सींच्या आसनांसाठीं नव्या नक्षीचीं कापडें करून दिलीं, तेव्हां त्यांचें योग्य तें कौतुक झालें. त्यापूर्वीं वर्षानुवर्षें तीं छतें आणि आसनें शिवणाऱ्या कारागिरांचीं नांवें मात्र कोणी विचारलीं नाहींत.

एवढें वाचून एखादा सुशिक्षित वाचक म्हणेल, कीं ही हौस चालकांची. ज्याला चार पैसे आणि चार पुस्तकें मिळालीं तो असें करणार नाहीं. त्यानें अमेरिकेंतील टेक्सास संस्थानाच्या ह्यूस्टन शहराकडे दृष्टि टाकावी. घरटीं मोटार असलेल्या त्या देशांत, या शहरानें खासगी मोटारी सजविण्याचा एक उत्सवच केला आहे, आणि त्याची सुरुवात एका टपालवाल्यापासून झाली आहे. जेफ मॅकिसॅक हें त्याचें नांव. संत्र्यासारखें आरोग्यदायी फळ नाहीं, अशी त्याची श्रद्धा. १९५६ पासून वीसबावीस वर्षें तो टाकाऊ फरश्या, चाकें आणि लोखंडी कठडे गोळा करून, एकट्याच्या हातांनीं, संत्र्याच्या गौरवार्थ एक चमत्कारिक वास्तु रचीत होता. तिला त्यानें ‘ऑरेंज शो’ असें नांव दिलें. १९७९ सालीं ती लोकांस खुली झाली आणि १९८० च्या आरंभीं तो वारला. ती वास्तु वांचविण्यासाठीं शहरांतील रसिकांनीं संस्था काढली. त्या संस्थेच्या निधीच्या खटपटींत १९८४ सालीं १९६७ ची एक जुनी फोर्ड गाडी पुढें आली. जॅकी हॅरिस या चित्रकर्तीनें ती रंगवून तिच्यावर प्लास्टिकचीं फळें चिकटविलीं, आणि ‘फ्रूटमोबिल’ जन्मास आली. १९८८ सालीं अशा सुमारें ४० गाड्यांची पहिली मिरवणूक निघाली. आज त्या मिरवणुकींत २०० हून अधिक गाड्या असतात आणि ती पाहण्यास लाखों लोक जमतात.

या गाड्या सजविणारे कोणी शिक्षक, कोणी यांत्रिक, कोणी शाळेंतील मुलांचा एखादा वर्ग. साहित्य घरांतलेंच: गुंड्या, मणी, फुटक्या बशा, जुनीं खेळणीं. एकानें तर गाडीवर चक्क गवत उगविलें. हॅरॉड ब्लँक या गृहस्थानें आपली फोक्सवॅगन अशीच नटविली, आणि पुढें देशभर हिंडून अशा गाड्या व त्यांचे मालक यांच्यावर १९९२ सालीं ‘वाइल्ड व्हील्स’ हा माहितीपट काढला. त्यानंतर त्यानें दुसऱ्या एका गाडीवर शेंकडों जुने कॅमेरे बसविले. त्यांतील कांहीं चालू असल्यामुळें, गाडीकडे आ वासून पाहणाऱ्या लोकांचींच छायाचित्रें निघत. आपल्या मालमोटारवाल्यांच्या मागें पिढ्यांची परंपरा आहे. या अमेरिकन मंडळींच्या मागें तशी नाहीं, प्रत्येकाची हौस स्वतंत्र. म्हणून तिला लोककला म्हणावें कीं नाहीं, असा प्रश्न कोणी काढील. आमचें उत्तर असें, कीं जेथें सामान्य मनुष्य कोणाचीहि परवानगी न मागतां, विकण्याचा हेतु न धरतां, रोजच्या वस्तूला आपलें रूप देतो, आणि शेजारी त्याचें पाहून तसेंच करूं लागतात, तेथें परंपरेचा पहिला टांका पडलाच. १९९८ सालीं जेम्स आणि ॲन हॅरिथास या दांपत्यानें ह्यूस्टन येथें अशा गाड्यांचें संग्रहालय काढलें. तें २०२४ सालीं बंद झालें. मिरवणूक मात्र चालू आहे. लोककलेचा जीव कोठें असतो, हें यावरून उघड व्हावें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. १९७५ सालीं अलेक्झांडर कॅल्डर या विख्यात शिल्पकारानें बी. एम्. डब्ल्यू. ची शर्यतीची गाडी रंगविली, आणि तेव्हांपासून ती कंपनी नामांकित चित्रकारांकडून आपल्या गाड्या रंगवून घेत आली आहे; १९७९ ची गाडी अँडी वॉरहॉलनें रंगविली. ती कला नि:संशय मोठी. परंतु लोककला ती नव्हे. तेथें गाडी एकाची, कुंचला दुसऱ्याचा, आणि रोज तींत बसून कामाला जाणारा कोणीच नाहीं. याच्या उलट १९६७ सालीं जॉन लेनन या इंग्रज गायकानें आपली रोल्स रॉइस पिवळी करून घेतली आणि तिच्यावर तिकडील भटक्या जिप्सी लोकांच्या गाड्यांवर असते तशी वेलबुट्टी काढविली. राजेरजवाड्यांनीं वापरावयाच्या गाडीवर रस्त्यावरच्या लोकांची नक्षी चढली. आज ती गाडी कॅनडांतील व्हिक्टोरिया शहरच्या संग्रहालयाच्या मालकीची आहे.

त्याच काळांतील जॅनिस जॉप्लिन या अमेरिकन गायिकेची गोष्ट तर आमच्या विषयाला फारच जवळची आहे. तिनें १९६८ सालीं एक जुनी पोर्श घेतली आणि आपल्याच मंडळींपैकीं एकाकडून तिच्यावर पानें, फुलें, डोंगर, फुलपांखरें आणि मित्रांचे चेहरे काढवून घेतले. पुढें ती गाडी चोरीस गेली. चोरानें पहिलें काम कोणतें केलें असेल, तर तिच्यावर करडा रंग फासला! नटलेली गाडी घेऊन पळतां येत नाहीं, तिला आधीं चारचौघींसारखी करावी लागते, हें त्या चोराला तत्काळ कळलें. गाडी परत मिळाली, चित्रें पुन्हां उजेडांत आलीं. आणि गायिकेच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनीं, २०१५ सालीं, लिलांवांत तिला १७ लक्ष ६० हजार डॉलर आले. यावर कोणी म्हणेल, कीं मग रंगविल्यानें किंमत वाढते! तसें नव्हे. किंमत आली ती ती गाडी अमुक एकीचीच होती, दुसऱ्या कोणाची होऊं शकत नव्हती, म्हणून. विकण्याचा विचार जिनें केला नाहीं, तिच्या गाडीला बाजारानें शेवटीं नमस्कार केला.

इकडे आपल्या शेजारीं मात्र निराळें चित्र दिसतें. डिसेंबर २०२३ मध्यें युनेस्कोनें ढाका शहरांतील सायकलरिक्षा व त्यांवरील चित्रकला यांस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. रिक्षाच्या पाठीमागच्या पत्र्यावर सिनेमाचे नट, मोर, मशिदी आणि गांवांतले देखावे रंगविणारी ही कला. परंतु हा गौरव पदरांत पडला तोंवर हातानें रंगविणारे थोडेच उरले होते. छापील चित्रें स्वस्त आणि झटपट मिळूं लागलीं होतीं. आपल्या रस्त्यांवरहि तेंच चाललें आहे. यंत्रानें कापलेलीं चिकटपट्टीचीं अक्षरें आलीं, संगणकावर छापलेले देव आले, आणि कारखान्यांतूनच पूर्ण बांधून येणाऱ्या केबिनी वाढत चालल्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनींत हवा थंड ठेवण्याचें यंत्र सक्तीचें झालें आहे. वैशाखांत नागपुराहून निघणाऱ्या चालकाच्या जिवाला त्यानें जें सुख होईल, त्याच्यापुढें कोणत्याहि मोराची मातब्बरी नाहीं. त्याबद्दल कुरकुर करणें हा दिवाणखान्यांतला रसिकपणा होईल. परंतु थंड हवेबरोबर मोर गेलाच पाहिजे, असें कोठें आहे? मानपत्रानें कला जगत नाहीं. तिला काम सांगणारा कोणी तरी लागतो.

आणि येथेंच हा विषय आपल्या घरांत येतो. आपल्या एकत्र कुटुंबांत रेघ आणि रंग यांची जाण कोणाला आहे? जी रोज पहाटे ठिपके मोजून रांगोळी काढते तिला. चैत्रांगणांतील चंद्र-सूर्य, शंख, चक्र, गोपद्में जिच्या बोटांत आहेत तिला. आणि मोटार कोणाच्या हातीं? तिच्या दिराच्या, नवऱ्याच्या, फार तर मुलाच्या. हल्लीं घरांतील सुना-मुली मोटार उत्तम चालवितात. परंतु ती दिसावी कशी हें ठरविण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येतो. दसऱ्याचें स्वस्तिक काढण्याचा मान सुनेला, आणि तें पुसण्याचा अधिकार दुसऱ्याला, ही व्यवस्था फारशी शोभेची नव्हे. गाडी सर्वांची म्हणावयाची आणि तिच्यावर एकाचीहि खूण राहूं द्यावयाची नाहीं, यानें ती सर्वांची होत नाहीं, कोणाचीच होत नाहीं.

आतां कोणी उत्साहाच्या भरांत उद्यांच कुंचला घेऊन धांवूं नये, म्हणून दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. गाडीचा रंग हा नोंदणीपुस्तकांत लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याप्रमाणें गाडींत असा फेरफार, कीं ज्यामुळें ती नोंदीशीं जुळणार नाहीं, परिवहन कार्यालयाच्या संमतीवांचून करतां येत नाहीं. सर्व गाडी रंगवावयाची तर आधीं तेथें विचारावें. नंबराच्या पाटीला तर मुळींच हात लावूं नये. तिच्यावर देवाचें नांव घालणें हेंहि बेकायदेशीरच. पुढची कांच, दिवे आणि आरसे मोकळे ठेवावे, समोरच्या फळीवर जड मूर्ति सुटी ठेवूं नये. एकाएकीं गाडी थांबविली तर तीच कपाळावर येते.

हें संभाळून करण्याजोगें पुष्कळ उरतें. बाजारांतून आणलेल्या काळ्या आच्छादनांऐवजीं आसनांवर आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी घालावी. ती धुतां येते, उन्हाळ्यांत अंगाला चटका देत नाहीं, आणि नातवंडें तींतलें प्रत्येक लुगडें कोणत्या लग्नांतलें हें विचारीत प्रवास करतात. सामानाच्या कप्प्याच्या झांकणाला आंतल्या बाजूनें मुलांकडून चित्र काढवावें. बाहेरून कोणास दिसणार नाहीं, पण गांवीं पोंचल्यावर झांकण उघडतांच सर्वांना दिसेल. घरांतील जिचा हात चांगला असेल तिनें दाराच्या कडेला कुयरीची किंवा गोपद्मांची एक बारीक ओळ पक्क्या रंगानें काढावी, आणि ती एकादशीला पुसूं नये. सात वर्षांनीं येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती आवडली नाहीं, तर तो फार तर दोनचार हजार कमी देईल. तेवढें मोल घरांतील एका माणसाच्या कलेसाठीं मोजणें आपल्याला जड जाऊं नये.

दुसरी गोष्ट त्या पेंटरांची. दारावरची पाटी, दुकानाचा फलक, माडीवर पडलेली जुनी पत्र्याची ट्रंक, यांपैकीं एखादें काम त्यांना सांगून पाहावें. मालमोटारीवर मोर काढणारा हात ट्रंकेवरहि तितकाच सुरेख चालतो, आणि सांगितलेंत तर तो कोपऱ्यांत सहीहि करील. किंबहुना ती रीत त्यांच्यांत आहेच. पुण्याहून साताऱ्याकडे जातांना खंबाटकीच्या घाटांत आपली गाडी एखाद्या मालमोटारीमागें सांपडते, आणि भोंगा वाजवून कांहीं उपयोग होत नाहीं. अशा वेळीं चिडण्यापेक्षां समोरच्या फाळक्याकडे नीट पाहावें. वाघाच्या शेपटीखालीं, बहुधा उजव्या अंगाला, बारीक अक्षरांत पेंटरचें नांव आणि गांव लिहिलेलें कित्येकदां सांपडतें. मागच्या आसनावरील मुलांना तें मोठ्यानें वाचावयास सांगावें. घाट संपेपर्यंत चारपांच चित्रकारांचीं नांवें त्यांना पाठ होतील.